आवाज कमी, धार तेवढीच!

“अरे, गिटार कमी कर ना, मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये!”

बँडच्या प्रॅक्टिसला हे वाक्य गिटारवाल्याच्या वाट्याला हमखास येतं. तो गुमान व्हॉल्यूमचा नॉब दहावरून पाचवर आणतो आणि घोटाळा तिथंच होतो. आवाज कमी होतोच, पण सोबत सगळी चमकही जाते. अँपवर कुणीतरी जाड गोधडी टाकल्यासारखं वाटतं. मग नॉब परत दहावर आणि गायिका परत वैतागलेली.

कॉलेजात माझं दोन वर्षं हेच चाललं होतं. आपली गिटारच फालतू, असं मी ठरवून टाकलं होतं. ती विकायची, वर घरून पैसे मागायचे आणि नवी घ्यायची, इथवर मजल गेली होती. तेव्हा एका सीनियरने विचारलं, “विकायच्या आधी उघडून तरी बघितलीस का?” नव्हती बघितली. पुढे जे काम केलं, त्याला दोन छोटे पार्ट्स लागले. खर्च एका वडापावइतका!

चमक जाते कुठे?

व्हॉल्यूम नॉबच्या खाली असतो पोटेन्शिओमीटर, म्हणजेच ‘पॉट’. त्याला तीन पाय. एका पायाला पिकअपकडून सिग्नल येतो, मधल्या पायातून तो जॅककडे जातो आणि तिसरा पाय ग्राउंडला. नॉब खाली आणला की सिग्नलच्या वाटेत रेझिस्टन्स येतो. इथपर्यंत ठीक.

पण पुढे केबल आहे. गिटारची केबल स्वतःच एका छोट्या कपॅसिटरसारखी वागते. मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरले, तर सहा मीटरच्या केबलमध्ये ६०० होतात. पॉटचा रेझिस्टन्स आणि केबलचा हा कपॅसिटन्स एकत्र आले की गाळणी तयार होते. खर्ज आरामात पार होतो, वरचे सूर गळतात. २५० केचा पॉट बरोबर मध्यावर असेल, तर ही गळती साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. हंबकरवाल्या गिटारमध्ये बहुतेक ५०० केचा पॉट असतो. तिथे ती दोन हजारांच्या आसपासच सुरू होते. गिटारची धार नेमकी याच पट्ट्यात असते.

खात्री करायचीय? नॉब पाचवर ठेवा. आधी लांब केबल लावून वाजवा, मग एखादी मीटरभराची. छोट्या केबलवर आवाज उजळ वाटला, तर दोष पिकअपचा नाही, या गाळणीचा आहे. टेस्ट फुकट आहे, नवे पिकअप नाहीत!

दोन पार्ट्सचा जुगाड

उपायाचं नाव ‘ट्रेबल ब्लीड’. पॉटच्या सिग्नल येणाऱ्या पायापासून मधल्या पायापर्यंत एक छोटा कपॅसिटर जोडायचा. वरच्या सुरांना रेझिस्टन्स चुकवून जाणारी चोरवाट मिळते. नॉब दहावर असताना हे दोन पाय आतून जोडलेलेच असतात, त्यामुळे फुल व्हॉल्यूमचा टोन बदलत नाही.

नुसता कपॅसिटर लावला तर मात्र नॉब खूप खाली आणल्यावर आवाज पातळ, किरकिरा होतो. खर्ज गायब, फक्त चरचर. म्हणून सोबत रेझिस्टर लावतात. तो दोन प्रकारे जोडता येतो:

- समांतर: ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्यावर १०२ छापलेलं असतं) आणि त्याला समांतर १५० केचा रेझिस्टर. आवाजाचा तोल चांगला राहतो, पण नॉबचं वागणं बदलतं. सुरुवातीला आवाज हळूहळू उतरतो आणि शेवटी एकदम पडतो.
- एकामागे एक: ०.००१२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (१२२) आणि त्याच्या पुढे १३० केचा रेझिस्टर. यात नॉबची चाल जवळपास पहिल्यासारखीच राहते.

हे आकडे २५० केच्या पॉटसाठी सुरुवात म्हणून धरा. शेवटचा निर्णय कानाचा. आधी सोल्डर न करता दोन क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी बाहेर काढा आणि वेगवेगळे कपॅसिटर लावून बघा. रोजची केबल, रोजचा अँप आणि नॉब सात, पाच, तीनवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे पार्ट्स सुटे मिळतात. चार-पाच व्हॅल्यू एकदमच घेऊन या.

एक पैसाही खर्च करायचा नसेल, तर ‘फिफ्टीज वायरिंग’ करून बघा. लेस पॉलसारख्या गिटारमध्ये टोन कंट्रोलची वायर बहुतेक वेळा व्हॉल्यूम पॉटच्या सिग्नल येणाऱ्या पायाला असते. ती मधल्या पायाला जोडायची, बस. चमक बऱ्यापैकी टिकते. पण मग एक नॉब फिरवला की दुसऱ्याचं वागणंही थोडं बदलतं.

पॉट उघडलाच आहे तर त्यावरचं अक्षरही वाचा. साधारणपणे ‘ए’ म्हणजे ऑडिओ आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर. लिनिअरमध्ये दहापासून चारपर्यंत कानाला फारसा फरक कळत नाही आणि मग आवाज धपकन पडतो. ऑडिओ पॉट आपल्या कानाच्या हिशेबाने चालतो.

हात घालण्याआधी

केबल काढा. आतल्या वायरिंगचा मोबाइलवर फोटो घ्या. जुना पार्ट फेकू नका, जमलं नाही तर पूर्ववत करता आलं पाहिजे. सोल्डरिंग आयर्न पॉटला फार वेळ चिकटवून ठेवू नका, पॉट भाजून निघतो. पार्ट्सच्या उघड्या तारांवर स्लीव्ह चढवा. साध्या पॅसिव्ह गिटारच्या आत शॉक लागेल असं काही नसतं. पण याच उत्साहात अँप उघडू नका! विशेषतः ट्यूब अँपमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा व्होल्टेज शिल्लक असू शकतो.

आणि हो, सगळ्यांना हे लागतंच असं नाही. जॅझ वाजवणाऱ्या कित्येकांना तो मऊ, गडद आवाजच हवा असतो. ॲक्टिव्ह पिकअप असतील तर ही भानगडच जवळपास नसते.

नॉबही वाजतो

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली, तेव्हा तिचा व्हॉल्यूम नॉब तारांच्या अगदी जवळ, करंगळी पोचेल असा बसवलेला होता. जेफ बेकने त्याचं सोनं केलं. स्वर छेडताना आवाज बंद आणि मग करंगळीने हळूच वर. स्वर व्हायोलिनसारखा उमलत येतो. ओव्हरड्राइव्ह अँपवर नॉब खाली आणला की क्रंच जाऊन क्लीन आवाज मिळतो, वर नेला की सोलो. पेडलला पाय लावायचीही गरज नाही. पण हे सगळं जमायला नॉब खाली असतानाही गिटार जिवंत वाटली पाहिजे.

सोल्डर केल्यानंतरच्या पहिल्याच गॅदरिंगला मी कडवी सहावर वाजवली आणि सोलोला करंगळीने नॉब दहावर नेला. गायिकेने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आमच्या बँडमध्ये याहून मोठी दाद नव्हती. गिटार अजून माझ्याकडेच आहे.