अल्गोलचे घड्याळ आणि तिसरा सहचर

ययाती समूहातील अल्गोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो. त्याच्या मंद होण्यातील नियमितता जॉन गुडरिक याने १७८३ साली जाहीर केली. ही ग्रहणे गणितागत क्षणी मात्र नेमकी घडत नाहीत. कधी ती काही मिनिटे आधी दिसतात, कधी उशिरा.

या फरकाची एक मीमांसा अशी. युग्मास तिसरा सहचर असल्यास ते स्वतःच समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरते. ते आपल्यापासून दूर गेले असता प्रकाशास अधिक अंतर तोडावे लागते व ग्रहण उशिरा दिसते. गुरूच्या उपग्रहाची ग्रहणे पाहून रोमर याने १६७६ मध्ये योजिलेले तत्त्व हेच. तेथे अंतर मुख्यतः पृथ्वीच्या भ्रमणाने बदलत होते, येथे घड्याळच हलते.

अल्गोलच्या युग्माचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३.९ पट, तिसऱ्या ताऱ्याचे १.८ पट, आणि त्यांतील मध्यम अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.७ पट आहे. यावरून युग्माच्या स्वतःच्या कक्षेची त्रिज्या ०.८५ पट येते. पृथ्वी-सूर्य अंतर तोडण्यास प्रकाशास ४९९ सेकंद लागतात. म्हणजे ग्रहणे सरासरीच्या मागेपुढे सुमारे सात मिनिटे सरकावीत. हे आवर्तन सुमारे ६८० दिवसांचे आहे.

परंतु कालफरकाचा वक्र आवर्ती दिसला की सहचर सापडला, असे मानणे धोक्याचे आहे. चँडलर याने १८८८ साली याच फरकांवरून अल्गोलला सुमारे १३० वर्षांच्या आवर्तकालाचा सहचर कल्पिला. पुढील वेधांनी तो खोटा ठरविला. खरा सहचर निश्चित झाला तो वर्णपटावरून, कारण त्याच्यामुळे युग्माचा दृष्टिरेषेतील वेग सेकंदास दहा किलोमीटरहून अधिक बदलतो. कन्या समूहातील एचडब्ल्यू या युग्माबाबतही २००९ मध्ये दोन सहचर सुचविले गेले. नंतरची ग्रहणे त्या गणिताशी जुळली नाहीत, आणि त्या कक्षा स्थिरही नव्हत्या.

शिवाय घड्याळाची गतीही खरोखर बदलू शकते. अ‍ॅपलगेट याने १९९२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार थंड ताऱ्याच्या चुंबकीय चक्राने त्याचा चपटेपणा बदलतो आणि त्यासह कक्षेचा आवर्तकालही. प्रधान व गौण ही दोन्ही ग्रहणे सारखीच सरकली, एवढ्यावरून ही शक्यता निकालात निघत नाही. तेवढ्याने कक्षेच्या दीर्घाक्षाचे भ्रमण तेवढे वगळता येते. म्हणून वक्रावरून सहचराचे वस्तुमान काढणाऱ्याने युग्माच्या वेगात त्यामुळे किती फरक पडावा हेही त्याच पानावर मांडावे, आणि तो वर्णपटात शोधावा.