पळसाचा बहर पाहावयास कोठें जावें

गेल्या फाल्गुनांत आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा सुटीवर गांवीं आला होता. तो पुण्यास एका कारखान्यांत नोकरीस असून कारखान्याच्याच कामानिमित्त तीन महिने जपानांत राहून आलेला. त्यानें तेथील चेरीच्या बहराचीं छायाचित्रें मला दाखविलीं. नदीच्या दोन्ही कांठांनीं फिकट गुलाबी फुलांनीं लगडलेलीं झाडें, त्यांखालीं सतरंज्या अंथरून बसलेलीं बायकामुलें, म्हातारीं माणसें, कचेरींतील नोकर; कोणी जेवीत आहे, कोणी नुसतें वर पाहात बसलें आहे. मुलगा म्हणाला, "काका, नुसतीं फुलें पाहण्याकरितां अख्खा देश घराबाहेर पडतो. आपल्याकडे असें कांहीं नाहीं." मीं त्याला मागील दारीं नेलें. समोर गायरानाच्या कडेला पळस पेटल्यासारखा फुललेला होता. त्याच झाडाखालून तो सकाळीं मोटारसायकलीवर आला होता.

फुलें पाहण्याचें काम जपानी लोकांनीं मोठ्या शिस्तीनें चालविलें आहे, यांत शंका नाहीं. या रिवाजास ते 'हानामी' म्हणतात. 'हाना' म्हणजे फूल व 'मी' म्हणजे पाहणें. तेथील सरकारी हवामान खात्यानें ठिकठिकाणीं एकेक झाड नेमून ठेविलें आहे. त्या झाडावर पांच-सहा फुलें उमललीं म्हणजे त्या गांवीं बहर सुरू झाल्याचें जाहीर होतें, आणि दहांपैकीं आठ कळ्या उघडल्या म्हणजे पूर्ण बहर आला असें धरतात. क्योतो या जुन्या राजधानींतील बहराच्या तारखा तर दरबारी लोकांच्या व भिक्षूंच्या रोजनिशा चाळून इ. स. ८१२ पासून जुळविण्यांत आल्या आहेत. मधलीं पुष्कळ वर्षें सुटलेलीं आहेत. तरी बाराशें वर्षांची ही नोंद पाहून माझ्यासारख्या जन्मभर नोंदवह्या लिहिलेल्या माणसास हेवा वाटतो. सन २०२१ मध्यें क्योतोचा पूर्ण बहर २६ मार्च रोजीं आला, व तोंपर्यंतच्या सर्व नोंदींत इतका लवकर आलेला बहर दुसरा नव्हता, हें त्या जुन्या रोजनिशांमुळेंच कळलें.

तेथील झाडें एकदम फुलतात यास कारण आहे. त्यांची सर्वांत प्रचलित जात कलमांनीं वाढविलेली असून तीं सर्व कलमें मुळांत एकाच झाडाचीं आहेत. त्यामुळें एका गांवांतील झाडें एकाच वेळीं बहरतात व आठपंधरा दिवसांत सर्व झडून जातात. म्हणून गर्दी लोटते. आपल्या पळसास कोणी कलम केलेलें नाहीं. तो बियांपासून आपला आपण उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा. एक झाड माघांतच फुलून मोकळें होतें, तर पन्नास पावलांवरील दुसरें होळीपर्यंत कळ्या धरून बसतें. म्हणून पळस पाहणारास घाई करण्याचें कारण नाहीं. माघी पौर्णिमेपासून रंगपंचमीपर्यंत केव्हांही निघावें, कोठें ना कोठें बहर सांपडतोच.

पळसाचें फूल जवळून पाहिलेले लोक थोडे. कळीचा पेला काळसर व मखमलीसारखा असतो. त्यांतून केशरी पाकळ्या बाहेर येतात आणि त्यांपैकीं एक पाकळी राघूच्या चोंचीसारखी वांकडी असते. 'हा पोपट तर नव्हे?' अशा अर्थीं संस्कृतांत त्यास 'किंशुक' हें नांव पडलें. फुलास वास नाहीं, परंतु मध भरपूर असतो. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल हीं पाखरें सकाळपासून झाडावर जमतात, व मध पितांना एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. या दिवसांत झाडानें पानें टाकलेलीं असतात. पाणी वांचविण्याची ती त्याची युक्ति आहे, आणि त्यामुळें फुलें पाखरांस दुरून दिसतात हा दुसरा लाभ. 'कोठेंही जा, पळसाला पानें तीनच' ही म्हण ज्यानें केली त्यानें फाल्गुनांत पळस पाहिला नसावा. त्या वेळीं एकही पान नसतें. बहर ओसरल्यावर चपट्या शेंगा येतात. शेंगेच्या टोंकाशीं एकच बीं, व बाकीचा भाग कागदासारखा हलका असल्यानें उन्हाळ्याच्या वावटळींत ती दूरवर उडून जाते. शेळ्या या झाडाच्या पानास सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून चराईच्या माळावरही तो टिकून राहिला.

आतां कोठें जावें तें सांगतों. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग जुन्या लोकांनीं पाडलेले आहेत; गोदावरीच्या बाजूची सखल काळी जमीन ती गंगथडी, व दक्षिणेकडील उंच मुरमाड प्रदेश तो बालाघाट. पळस पाहणारानें बालाघाटाची वाट धरावी. गंगथडीच्या गांवांतूनही पूर्वीं बांधोबांधीं पळस होते, पण जायकवाडीचें व माजलगांवचें पाणी आलें, ऊस आला, आणि मीं पाहिलेल्या गांवांतून तरी ते झपाट्यानें गेले.

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे मांजरसुंब्याचा घाट लागतो. नोकरींत असतांना या घाटानें मी कितीदां गेलों त्याची गणती नाहीं. वसुलीची धांवपळ नेमकी पळसाच्या दिवसांत येते. मागणीच्या याद्या बगलेंत मारून गांवोगांव फिरावें, खातेदारानें 'पुढील आठवड्यांत या' म्हणावें, आणि परत येतांना उतरत्या उन्हांत घाटाच्या कुशींतील पळस पाहावे, असा तीस वर्षें क्रम होता. वसुली होवो न होवो, पळसानें कधीं बाकी ठेवली नाहीं. मांजरसुंब्याजवळूनच कपिलधारेस वाट जाते. तेथें मन्मथस्वामींची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस आणि पावसाळ्यांत धबधबा पाहण्यास तेथें लोक लोटतात. फाल्गुनांत मात्र दरींत शांतता असते, व तीच वेळ आपल्या कामाची.

मला सर्वांत आवडणारें ठिकाण विचाराल तर तें धारूरचा घाट. तेलगांवाकडून धारूरकडे चढतांना दोन्ही अंगांस सीताफळाचें रान आहे. बीडच्या सीताफळास सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें तें याच बालाघाटामुळें. या दिवसांत सीताफळीही निष्पर्ण असतात, गवत वाळून पिवळें पडलेलें असतें, आणि त्या करड्या-पिवळ्या उतारावर पळस तेवढा केशरी दिसतो. हिरव्या रानांत हीच फुलें इतकीं उठून दिसलीं नसतीं. सूर्योदयापासून नऊ वाजेपर्यंतची वेळ धरावी. पाखरें तेव्हां असतात, व ऊन तिरपें असल्यानें फुलांचा रंग खुलतो. दुपारीं जाणारानें फक्त घाम गाळावा. तसेंच पुढें अंबाजोगाईस गेल्यास योगेश्वरीचें दर्शन घेऊन, शके १११० मध्यें 'विवेकसिंधु' रचणाऱ्या मुकुंदराजांच्या समाधीकडे दरींत उतरावें.

पाटोदा तालुक्यांत नायगांवचें मयूर अभयारण्य आहे. सन १९९४ मध्यें तें जाहीर झालें. क्षेत्र सुमारें ३० चौरस किलोमीटर. पानगळीच्या दिवसांत आडोसा कमी असल्यानें मोर नजरेस पडण्याचा संभव अधिक. आंत जातांना वनखात्याच्या माणसास विचारून जावें. त्याच तालुक्यांत सौताड्याची दरी आहे. ज्यांस लांब जाणें होत नाहीं त्यांनीं बीडजवळील पालवणच्या डोंगरावरील सह्याद्रि देवराई पाहावी. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली ही देवराई, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें तेथें झाडांचें संमेलन भरलें होतें, त्याचें अध्यक्षपद वडाच्या झाडास दिलें होतें! कांहींनीं त्याची थट्टा केली. मला ती कल्पना आवडली.

जेवणाचें म्हणाल तर शेतांत सहकुटुंब जेवण्याची रीत आपणांस नवी नाहीं. अंबाजोगाई-परळीकडील मंडळी मार्गशीर्षांत वेळअमावस्या करतात, आणि हुरड्यास तर सगळेच जातात. तीच भाकरी, तोच ठेचा घेऊन दोन महिन्यांनीं पुन्हां एकदां निघावें, इतकेंच. मात्र रानांत चूल पेटवूं नये व विडी फेंकूं नये. वाळलेल्या गवतास ठिणगी पुरते. फांद्या मोडूं नयेत. रंगपंचमीच्या रंगाकरितां खालीं पडलेलीं फुलेंच पुरेशीं असतात. तीं सावलींत वाळवून रात्रभर पाण्यांत भिजत घालावीं किंवा उकळावीं. पाणी पिवळेंकेशरी होतें, व किंचित् चुना टाकल्यास रंग गडद होतो.

पिवळ्या फुलांचा पळस क्वचित् आढळतो. त्याच्या मुळाखालीं धन असतें, त्याच्या सालीनें गुप्त गोष्टी कळतात, अशा खुळ्या समजुतींनीं लोक तें झाड खरवडून मारतात. पिवळा पळस हा त्याच जातीचा केवळ रंगाचा फरक आहे. त्याखालीं मुरुमाखेरीज कांहीं नाहीं. असें एक झाड माझ्या माहितींत आहे. गांवाचें नांव छापीत नाहीं.

घाटांतील पळस वनखात्याच्या ताब्यांत आहेत. परंतु जिल्ह्यांतील कितीतरी पळस वाचकांच्या स्वतःच्या बांधावर उभे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २५ अन्वयें खातेदाराच्या जमिनींतील झाडांवर खातेदाराचाच हक्क असतो. म्हणजे तें राहील कीं जाईल हें आपल्याच हातीं. सन २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावयाची असून तींत बांधावरील झाडें नोंदविण्याची सोय आहे. आंबा-चिंच लोक लिहितात, पळस कोणी लिहीत नाहीं.

शेतकरी म्हणेल कीं, पळसाखालीं पीक येत नाहीं. खरिपापुरतें हें खरें आहे. पावसाळ्यांत त्याची सावली दाट असते. रब्बी ज्वारी पक्व होते तोंवर मात्र पानें गळूं लागलेलीं असतात. मुळांचे फुटवे नांगरास त्रास देतात, हेंही खरें. त्याच्या बदल्यांत पत्रावळींस पानें, मुळ्यांच्या वाखाचे दोर, गोंद, सरपण एवढें तो पूर्वीं देत असे, आणि आज यांतील बहुतेक बाजारांत मिळतें. तेव्हां हिशेबानें पळस राखावा असें मी कोणास सांगूं शकत नाहीं. बांध रुंद असेल तर कोंपऱ्यावरचा एक तरी राहूं द्यावा, एवढेंच म्हणेन. आणि तो कोणत्या तिथीस फुलला तें घरच्या दिनदर्शिकेवर दरसाल लिहून ठेवावें. क्योतोच्या भिक्षूंनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.

माझ्या व माझ्या चुलतभावाच्या शेतांमधील बांधावर असा एक जुना पळस होता. आमच्या आज्यांच्या वांटणींत हद्दीची खूण म्हणून तोच सांगितला जाई. आठ वर्षांपूर्वीं जमीन सपाट करतांना यंत्रवाला म्हणाला, हें एक झाड काढलें तर काम सरळ होतें. चुलतभाऊ तेव्हां ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर होता. मीं होकार दिला. अर्ध्या तासांत झाड आडवें झालें. फांद्यांवर कळ्या होत्या. पाडव्याच्या सुमारास तो परत आला, व हद्द कोठें यावरून आमचें बोलणें बंद पडलें. ज्यानें दुसऱ्यांच्या हद्दींचीं प्रकरणें आयुष्यभर चालविलीं त्यानें अखेर स्वतः मोजणीची फी भरली. मोजणींत दगड बसला तो जुन्या पळसाच्या जागेपासून हातभर अंतरावर.

दोन पावसाळ्यांनंतर तेथें मुळांतून फुटवे निघाले. पळस इतक्या सहज मरत नाहीं. ते सगळे दगडाच्या पलीकडे, चुलतभावाच्या बाजूस आहेत. आतां पुरुषभर उंच झाले आहेत. त्यानें ते अद्याप काढले नाहींत, आणि यंदा माघांत त्यांपैकीं एकावर पहिलीं फुलें आलीं तेव्हां तीं पाहावयास मी बांधापर्यंत गेलों होतों.