पाणी शिरलं, पण नेमकं कशात?

संगणकाच्या उभ्या डब्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो. दुकानदार म्हणतो, शाळेतले सर म्हणतात, दुरुस्तीला येणारा मुलगाही म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या पोटातली, काडेपेटीएवढी एक चिप. एरवी ही चूक कुणाच्या आड येत नाही, पण डब्यात पाणी शिरतं त्या दिवशी ती महागात पडते. ‘सीपीयूत पाणी गेलं’ असं म्हटलं की एक अखंड वस्तू गेली असं मनात बसतं, आणि माणूस तडक दुकानात जाऊन विचारतो, ‘आता कुठला घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. डेस्कटॉप ही सुट्या भागांची जोडणी आहे. पाणी त्यातल्या काही भागांना मारतं आणि काहींना सोडून देतं. काय वाचलं हे कळल्याशिवाय काय घ्यायचं हे ठरत नाही. आणि हाच अनुभव पुढची खरेदी कशी करायची तेही सांगतो: पुन्हा डेस्कटॉपच, आणि तोही उघडता येणारा.

आनेकलसारख्या ठिकाणी हा प्रश्न अनेक घरांचा आहे. बेंगळुरू नागरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, तमिळनाडूच्या सीमेला भिडलेला हा तालुका. अत्तिबेले, जिगणी, चंदापूर, बोम्मसंद्रची औद्योगिक वसाहत हा सगळा त्याचाच पसारा, आणि शेजारी इलेक्ट्रॉनिक्स सिटी. नोकरीसाठी इकडे आलेल्या मराठी कुटुंबांच्या घरांतही २०२० नंतर कामाचं टेबल कायमचं मांडलं गेलं. पावसाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये इथे वळीव झोडपतो, आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो, तेव्हा महाराष्ट्रात पावसाळा संपत आलेला असतो. सप्टेंबर २०२२मध्ये सर्जापूर रस्त्यावरच्या वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टर आणि होड्यांमधून बाहेर काढावं लागलं होतं. तलावांना जोडणारे राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे मोठे नाले, जिथे बुजले तिथे पाणी घरात येणारच. पण घरातल्या डेस्कटॉपला नेहमी पूरच लागतो असं नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहते, एसीची नळी तुंबते, फरशी पुसताना बादली कलंडते. डबा बहुतेक वेळा टेबलाखाली जमिनीलगत असतो, आणि वाट कुठलीही असली तरी पाणी शेवटी जमिनीवरच येतं.

पाण्याने नेमकं काय बिघडतं हे समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. सर्किट बोर्ड बनवणारे कितीतरी कारखाने डाग दिल्यानंतर बोर्ड पाण्यानेच धुतात. घात होतो तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे आणि त्याच वेळी चालू असलेल्या विजेमुळे. आनेकल तालुक्यात बोअरवेलच्या जड पाण्यावर भिस्त मोठी आहे. बादलीच्या तळाशी पांढरा थर धरणारं हेच पाणी बोर्डावर पडलं की दोन टोकांमध्ये वीज वाहण्यासाठी आयता पूल तयार होतो. वीज चालू असेल तर धातूचे कण एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे बारीक तंतू वाढवतात. त्यातून शॉर्ट होतो. संगणक ‘बंद’ केला म्हणजे वीज थांबली असंही नाही. प्लग लावलेला असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डाला ५ व्होल्ट पुरवत राहतो, आणि प्लग काढल्यावरही बोर्डावरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी काही भागांना जागं ठेवते. म्हणून भिजलेला डबा ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करणं हीच सर्वांत मोठी चूक. पाण्याने न झालेलं नुकसान त्या एका बटणाने होतं.

पण डब्याला हात लावण्याआधी जिवाची गोष्ट. मे २०२५च्या पावसात बेंगळुरूच्या बीटीएम लेआउट भागात इमारतीत साचलेलं पाणी उपसताना विजेचा धक्का बसून दोघांचा जीव गेला. त्यातला एक १२ वर्षांचा मुलगा होता. मीटरजवळचा मुख्य स्विच पाडल्याशिवाय ओल्या खोलीत वायरींना हात लावू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो पाडल्यावरही यूपीएस आपल्या बॅटरीतून २३० व्होल्ट देत राहतो, हे घाईत लक्षात राहत नाही. यूपीएस पाण्यात असेल तर मीटरचा स्विच पाडूनही खोली सुरक्षित झालेली नसते. आणि पॉवर सप्लायची पेटी घरी कधीही उघडू नये. तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये ३००हून जास्त व्होल्टचा साठा प्लग काढल्यानंतरही काही काळ टिकू शकतो.

आता वाटणी करू. पॉवर सप्लाय भिजला असेल तर वाद न घालता बदलायचा. तो धुऊन-वाळवून चालतोही, पण बिघडला तर बाकीचं सगळं घेऊन जातो, आणि त्याची किंमत संपूर्ण संगणकाच्या मानाने थोडी असते. मदरबोर्डाचा भरवसा धरू नये. चिपांच्या पोटाखाली अडकलेलं पाणी वरून दिसत नाही, आणि गंज आठवड्यांनी डोकं वर काढतो. प्रोसेसर, म्हणजे खरा सीपीयू, मात्र बहुधा वाचतो, कारण तो धातूच्या झाकणाखाली आणि वर पंख्याच्या ठोकळ्याखाली असतो. वीज चालू नसेल तर रॅमच्या पट्ट्या आणि एसएसडीही स्वच्छ करून वापरता येतात. मॉनिटर टेबलावर असल्याने बहुतेकदा कोरडाच असतो. घरातले जाणते तांदळाचा डबा सुचवतात. त्याचा उपयोग नाही. तांदळाचं पीठ आणि कण आत जाऊन बिघाड वाढू शकतो, म्हणून ओला फोन तांदळात ठेवू नका असं ॲपलनेही २०२४मध्ये ग्राहकांना सांगितलं. भाग सुटे करायचे, क्षार राहू नयेत म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचे, आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवायचे. पुराच्या, गटाराच्या पाण्यात बुडालेल्या यंत्राला हा हिशेब लागू नाही. सांगलीत २०१९ला किंवा चिपळूणला जुलै २०२१मध्ये गाळासकट पाणी शिरलं, तशा वेळी डिस्क सोडून बाकीचा मोह धरू नये.

डिस्कचा विचार वेगळा आणि सर्वांत आधी करायला हवा, कारण पैसे देऊन परत न मिळणारी वस्तू तीच आहे. फिरणारी जुनी हार्ड डिस्क बुडाली असेल तर तिला वीज देऊ नये आणि घरी वाळवूही नये. वाळलेला गाळ तबकडीला चिकटून बसतो. ती ओलसर असतानाच पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. एसएसडी कोरडी झाली की दुसऱ्या संगणकाला जोडता येते, पण इथे एक नवी अडचण उभी राहिली आहे. विंडोज ११च्या अनेक संगणकांत डिस्कवरचा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डाशी बांधलेली असते. मदरबोर्ड मेला की दुसऱ्या यंत्रात ती डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते. की हाताशी नसेल तर शाबूत डिस्कही मुकी राहते. ॲपलच्या नव्या मॅकमध्ये तर साठवण मुख्य चिपशीच जखडलेली असते. ती चिप गेली आणि बाहेर बॅकअप नसला तर मजकूरही गेला. कंपनीने दिलेल्या संगणकाच्या बाबतीत यातलं काहीच स्वतः करू नये. डबा न उघडता कंपनीला कळवावं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: पाणी लागलेले भाग जपून ठेवणं म्हणजे चार पैसे वाचवायला जाऊन दहा घालवणं नाही का? काही भागांच्या बाबतीत आहेच, म्हणून तर पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड मी आधीच बाजूला काढले. शिवाय संगणक फार जुना असेल तर वाचलेला प्रोसेसर बसवायला नवा बोर्डच मिळत नाही. इंटेलने २०२०पासून तीनदा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, बदलला. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बोर्ड मात्र बाजारात दीर्घकाळ मिळत राहिले, त्यामुळे तिथे बोर्ड आणि पॉवर सप्लाय बदलून संगणक पुन्हा उभा राहू शकतो. डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या खाचेत बसत नाही, हेही दुकानात पाऊल ठेवण्याआधी माहीत हवं. पण जिथे बसते तिथे ती जपाच. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की रॅमचे भाव भडकले, आणि मायक्रॉनने डिसेंबरमध्ये आपला ‘क्रूशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वाचलेली १६ जीबी रॅम आज भंगार नाही.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: पुन्हा डब्याचं लचांड कशाला, लॅपटॉप घ्या, पाणी आलं की उचलून पळता येतं. पुराच्या रात्री हे खरं आहे. पण घरातल्या रोजच्या अपघातांत चित्र उलटं दिसतं. चहाचा कप डेस्कटॉपच्या कीबोर्डावर सांडला तर काहीशे रुपयांचा कीबोर्ड जातो. तोच कप लॅपटॉपवर सांडला तर कीबोर्डाखालीच मदरबोर्ड आणि बॅटरी असते, आणि आताच्या अनेक पातळ लॅपटॉपांत रॅमही बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते. म्हणजे वाटणी करायला उरतच नाही. ज्याला रोज यंत्र घेऊन फिरायचं आहे त्याने लॅपटॉपच घ्यावा, त्यात वाद नाही. मुलांचा अभ्यास, हिशेब, घरून चालणारं काम एकाच टेबलावर होत असेल तर डेस्कटॉप सोडायला पाण्याचं कारण पुरेसं नाही. मिनी पीसीचा विचार जरूर करावा. तो मॉनिटरच्या पाठीला बसतो, म्हणजे जमिनीपासून वर राहतो, आणि बहुतेकांची रॅम-एसएसडी काढता येते. बोर्ड गेला तर मात्र तो संपला.

घ्यायचाच झाला तर काय पाहावं? बाजूची पत्र्याची फळी स्क्रू काढून उघडते का. पॉवर सप्लाय प्रचलित एटीएक्स मापाचा आहे का. रॅमच्या किमान दोन खाचा आहेत का. नामांकित कंपन्यांच्या आटोपशीर ऑफिस डेस्कटॉपांत पॉवर सप्लाय आणि बोर्ड बऱ्याचदा त्यांच्याच खास मापाचे असतात. पुढच्या वेळी बेंगळुरूच्या एसपी रोडवरच्या संगणक-बाजारात अख्खा दिवस घालवूनही जोडीचा भाग मिळेल याची खात्री नसते. साध्या घरकामाला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी भरपूर झाली. वेगळं ग्राफिक कार्ड नको असेल तर इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ नाही याची खात्री करावी, कारण त्या प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची सोयच नसते. वापरलेला, रीफर्बिश्ड संगणक हा चांगला पर्याय आहे, मात्र विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर आणि त्यापुढचे लागतात. त्याहून जुनी यंत्रं स्वस्तात पुढे केली जातील. लिनक्स वापरणार असाल तरच ती घ्या.

नव्या खर्चाचा काही भाग विम्यातून निघू शकतो, आणि तिथे पाणी कुठून आलं याला महत्त्व येतं. नेहमीच्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान धरलेलंच नसतं. पण १ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ, तसंच टाकी किंवा नळ फुटून वा भरून वाहून झालेलं नुकसान येतं. इमारतीचा विमा असेल तर त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं घरातलं सामान आपोआप धरलं जातं, आणि भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा घेता येतो. हातातून पेला सांडला तर हा मार्ग नाही. म्हणून पुसापुशी करण्याआधी फोटो काढावेत, पाण्याची वाट फोटोत दिसावी, आणि मेलेले भाग कंपनीने पाहिल्याशिवाय टाकू नयेत. मग ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावेत. भारतातलं पहिलं अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्र, ई-परिसरा, २००५मध्ये बेंगळुरूजवळ डाबसपेटलाच सुरू झालं. भंगारवाल्याच्या हातगाडीवर सर्किट बोर्ड देण्याचं कारण या शहरात तरी उरलेलं नाही.

नवा डबा आला की त्याची जागा टेबलाखाली नाही. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्डाचीही नाही. हे तिन्ही फूट-दीड फूट उंचीवर, खिडकी आणि एसीपासून दूर ठेवा, आणि वायर प्लगच्या खाली एक झोल घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातच गळून पडेल. ज्यांचा संगणक अजून कोरडा आहे त्यांना एक विनंती: आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती ४८ अंकी रिकव्हरी की शोधा, वहीत लिहा, आणि ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर वरच्या कप्प्यात ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. वळीव यायच्या आधी करा.