ठरल्या वेळेची गाडी

जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या डोंगराळ मुलखांत वसले आहेत. आगगाडी तेथवर पोंचलेली नाहीं. ती गांठण्यास खालीं डहाणूकडे किंवा वर इगतपुरीकडे जावें लागतें. ज्याचे पाय धड आहेत त्यास येथील डोंगर म्हणजे तासा-दोन तासांची चाल. परंतु वृद्धास, अंधास, पायानें अधू असलेल्यास तोच डोंगर भिंतीसारखा आडवा येतो.

अशांचा खरा आधार म्हणजे एस. टी. राज्य परिवहनाची पहिली मोटार 1 जून 1948 रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली. जव्हार संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें तेंही त्याच वर्षीं. आज जव्हारास एस. टी. चें आगार आहे.

या गाडीचा मोठा गुण वेग नव्हे, वेळापत्रक होय, असें आम्हांस वाटतें. खाजगी जीप उतारूंनीं भरल्यावांचून बहुधा हलत नाहीं, आणि भरली कीं कुबडी घेऊन येणारा मागें राहतो. एस. टी. अर्धी रिकामी असली तरी सुटते. सावकाश चालणाऱ्यास सुटण्याची वेळ ठाऊक असली, कीं तो तितकाच आधीं घरून निघूं शकतो. (गाडी कधीं कधीं रखडते, हें आम्ही नाकारीत नाहीं.)

भाड्याचीही सोय आहे. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरील वृद्धांस प्रवास विनामूल्य झाला; मार्च 2023 पासून स्त्रियांस अर्धें भाडें पडूं लागलें. अपंगांस चतुर्थांशच भाडें द्यावें लागतें, आणि अपंगत्व तीव्र असेल तर सोबत्यासही सवलत मिळते. ही शेवटची तरतूद आम्हांस विशेष शहाणपणाची वाटते. कारण ज्यास एकट्यानें जातां येत नाहीं, त्याची प्रत्येक खेप एरव्हीं दोघांच्या भाड्याची होते.

तथापि गाडीच्या पायऱ्या उंच आहेत. शहरांत अलीकडे बुटक्या तळाच्या बसगाड्या आल्या आहेत. त्यांत जवळजवळ रस्त्यावरूनच आंत पाऊल टाकतां येतें. घाटाच्या खांचखळग्यांत असा तळ घांसेल. म्हणून येथें अजून कंडक्टरचा हातच कामीं येतो. वाहनें व स्थानकें अपंगांस सुगम करण्याचें कर्तव्य 2016 च्या कायद्यानें सरकारावर घातलें आहे.

आणि थांबा गांठावयाचा कसा? पुष्कळ पाडे सडकेपासून दूर आहेत. तेथून आजाऱ्यास झोळीच्या डोलीत घालून, खांद्यावरून सडकेवर आणतात. भात कापून झालें, दिवाळी सरली, म्हणजे घरचीं धडधाकट माणसें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. पाड्यांत बव्हंशीं म्हातारींकोतारीं उरतात. पावसाळ्यांत खांदा देणारे घरीं असतात, पण ओढे भरून वाट बंद होते. हिवाळ्यांत वाट कोरडी असते, तेव्हां खांदा देणारे भट्टीवर असतात. आणि सडकेवर गाडी आपल्या वेळेस येऊन जाते.