यूएसबी हब : जागा वाढते, वीज नाही

माऊस, की-बोर्ड, प्रिंटर, पेन ड्राइव्ह अशी अनेक उपकरणे संगणकाला जोडायची असतात. यूएसबी पोर्ट मात्र बहुधा दोन-तीनच असतात. त्यामुळे एका पोर्टचे चार पोर्ट करणारा हब खरेदी केला जातो. पण या हबला जोडलेली पोर्टेबल हार्ड डिस्क अनेकदा सुरूच होत नाही, किंवा फाइल साठवत असतानाच बंद पडते. डिस्क बिघडली असे समजून ती दुरुस्तीला नेली जाते. प्रत्यक्षात कित्येकदा तिला पुरेशी वीजच मिळालेली नसते.

यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये आले. यूएसबी २.० पर्यंतच्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारांतून माहितीची ये-जा होते, तर उरलेल्या दोन तारा ५ व्होल्टची वीज पुरवतात. उपकरण जोडल्यावर त्याला प्रथम १०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज घेण्याची मुभा असते. अधिक हवी असल्यास ते संगणकाकडे तशी मागणी नोंदवते आणि मंजुरीनंतर ५०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॅट, वीज घेऊ शकते. २००८ मधील यूएसबी ३.० ने ही मर्यादा ९०० मिलिअँपिअरवर नेली.

हबचे गणित येथेच चुकते. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या यूएसबी २.० हबला संगणकाकडून एकूण ५०० मिलिअँपिअरच मिळतात. त्यातील १०० हबसाठी राखल्यास उरलेले ४०० चार पोर्टांत विभागले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला आलेले १०० मिलिअँपिअर माऊसला पुरतात. हार्ड डिस्कला नाही. डिस्कची मोटर सुरू होताना तर नेहमीपेक्षा अधिक वीज लागते. लांब व बारीक तारेच्या केबलमुळे व्होल्टेज आणखी घटते. माहिती लिहिली जात असताना वीज अपुरी पडली, तर फाइल खराब होऊ शकते. वर्षानुवर्षांची छायाचित्रे त्याच डिस्कवर असतील, तर हे नुकसान हबच्या किमतीत मोजता येत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला हब. मात्र अॅडॉप्टरची क्षमताही तपासावी. सात पोर्टांना प्रत्येकी ९०० मिलिअँपिअर द्यायचे, तर एकूण ६.३ अँपिअर लागतात. अॅडॉप्टरवर २ अँपिअर छापलेले असेल, तर सर्व पोर्ट एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालणार नाहीत.

टाइप-सी पोर्टमुळेही फसगत होऊ शकते. 'पॉवर डिलिव्हरी' या मानकाच्या २०२१ मधील आवृत्तीनुसार टाइप-सी केबलमधून २४० वॅटपर्यंत वीज देता येते. पण त्यासाठी चार्जर, केबल आणि उपकरण या तिघांचीही तेवढी क्षमता हवी. केवळ पोर्टच्या आकारावरून ती ठरत नाही.

म्हणूनच माऊस, की-बोर्ड आणि पेन ड्राइव्ह साध्या हबला जोडण्यास हरकत नाही. हार्ड डिस्क मात्र थेट संगणकाच्या पोर्टला किंवा पुरेशा क्षमतेचा अॅडॉप्टर असलेल्या हबलाच जोडावी.