विमानांच्या पहिल्या शर्यती

इ. स. १९०९ च्या ऑगस्ट महिन्यांत फ्रान्समधील रीम्स शहराजवळ, बेतनीच्या मैदानावर, एक अपूर्व मेळा भरला होता. राईट बंधूंचें यंत्रचलित विमान प्रथम आकाशांत गेलें त्याला तेव्हां सहा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. एखादें विमान उडालें तरी वर्तमानपत्रांनीं ठळक अक्षरांत छापावें, असा तो काळ. अशा वेळीं पुष्कळ वैमानिक आपापलीं विमानें घेऊन एका ठिकाणीं जमले आणि उंची, अंतर व वेग यांसाठीं आठवडाभर झुंजले.

वेगाच्या शर्यतीचा चषक ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या पत्राचा मालक जेम्स गॉर्डन बेनेट यानें दिला होता. खांब उभारून आंखलेल्या दहा किलोमीटरांच्या वाटेवर दोन फेऱ्या घ्यावयाच्या. ज्याला वेळ कमी लागेल तो विजयी. पुढील शर्यत विजेत्याच्या देशांत व्हावयाची, आणि जो देश लागोपाठ तीन वेळां जिंकेल त्याच्याकडे चषक कायमचा जावयाचा, असा नियम होता.

फ्रेंचांची सारी भिस्त लुई ब्लेरिओवर होती. महिनाभरापूर्वींच, २५ जुलै रोजीं, तो विमानानें इंग्लिश खाडी ओलांडून गेला होता. त्याचा प्रतिस्पर्धी अमेरिकेचा ग्लेन कर्टिस हा मूळचा मोटारसायकली बांधणारा. त्याच्यापाशीं विमान एकच. तें मोडलें तर दुसरें नाहीं. म्हणून इतर बक्षिसांचा मोह आवरून त्यानें तें शर्यतीच्या दिवसापर्यंत जपून ठेविलें. २८ ऑगस्टला त्यानें प्रथम उंची गांठली, मग खालीं झेप घेत भर वेगानें आरंभरेषा ओलांडली आणि खांबांना लगटून वळणें घेतलीं. दोन्ही फेऱ्या सोळा मिनिटांच्या आंत पुऱ्या झाल्या. दिवसअखेर ब्लेरिओ उडाला. त्याचें एंजिन अधिक शक्तिमान् होतें. पण वेळ मोजली तेव्हां तो सहा सेकंदांहूनही कमी अंतरानें हरला होता. विजेत्याचा सरासरी वेग ताशीं सुमारें ७५ किलोमीटर, म्हणजे ४७ मैल, भरला.

अशा शर्यतींत वळणाला फार महत्त्व असे. रस्त्यावरील गाडीचीं चाकें वळतांना जमिनीला धरून असतात. विमानाला हवेंत तसा आधार नाहीं. त्याला वळावयाचें तर आंतल्या अंगास कलावें लागतें. मग पंखांच्या उचलीचा कांहीं भाग विमानाला बाजूस ओढतो, आणि तितका भाग वजन तोलण्याच्या कामीं कमी पडतो. कल जितका अधिक तितकें वळण लहान; पण वेग मंदावण्याचा व खालीं घसरण्याचा धोकाही तितकाच मोठा. खांबापासून दूर राहावें तर वाट लांबते, जवळ जावें तर जीव धोक्यांत येतो. हा हिशेब वैमानिकाला केवळ अंदाजानें आणि क्षणार्धांत करावा लागे.

धोका नुसता पुस्तकांतला नव्हता. रीम्स येथें आपल्या साहसी कसरतींनीं लोकांना थक्क करणारा युजेन लफेव्र ७ सप्टेंबर रोजीं, मेळा संपून दहा दिवस होतात न होतात तोंच, विमान कोसळून मरण पावला. स्वतः विमान चालवीत असतां प्राणांस मुकलेला तो जगांतील पहिला वैमानिक.

१९१० ची शर्यत न्यूयॉर्कजवळ बेलमाँट पार्क येथें झाली. अंतर आतां १०० किलोमीटर होतें. फ्रान्सचा आल्फ्रेद लब्लां सर्वांच्या पुढें होता. पण अगदीं शेवटच्या फेरींत एंजिनाला इंधन मिळेनासें झालें आणि त्याचें विमान तारेच्या खांबावर आदळलें. तो वांचला, चषक मात्र इंग्लंडच्या ग्रॅहम-व्हाइटकडे गेला. १९११ सालीं इंग्लंडांत ईस्टचर्च येथें गुस्ताव हॅमेल यानें वेग वाढावा म्हणून पंख कापून आंखूड केलेलें विमान आणलें. लहान पंखांना हवेचा विरोध कमी होतो हें खरें. पण तेवढ्या पंखांवर वजन तोलण्यास वेग अधिक लागतो, आणि वळणावर तर तो फारच लागतो. पहिल्याच खांबापाशीं तें विमान कोसळलें. हॅमेल दैवानें बचावला, आणि अमेरिकेचा वेमन विजयी झाला.

यापुढें वेगाचा मार्ग निराळा निघाला. लुई बेशरो या फ्रेंच रचनाकारानें पंख छाटण्याऐवजीं विमानाचें सारें अंगच गुळगुळीत केलें. त्याच्या ‘देपर्दुसां’ विमानाचें धड लांकडाचे पातळ पापुद्रे सांच्यावर एकावर एक चिकटवून बनविलें होतें. आंत तारांनीं ताणलेला सांगाडा नाहीं. अंड्याच्या कवचाप्रमाणें बाहेरचें आवरणच सारा भार पेलतें. या रचनेला ‘मोनोकॉक’ म्हणतात. १९१२ सालीं शिकागो येथें वेद्रीन या विमानांतून जिंकला. १९१३ सालीं पुन्हां रीम्स येथें प्रेव्होनें २०० किलोमीटरांचें अंतर एका तासाच्या आंत कापलें. ज्या गांवाजवळ चार वर्षांपूर्वीं ७५ चा वेग अद्भुत वाटला होता, तेथेंच तो २०० वर गेला.

मग महायुद्ध आलें आणि चषक थांबला. १९२० सालीं एतांप येथें सादी-लकॉंत यानें ताशीं सुमारें २७१ किलोमीटर वेगानें शर्यत जिंकली. फ्रान्सचा हा लागोपाठ तिसरा विजय. चषक कायमचा त्याच्या घरीं गेला व शर्यतीही संपल्या. त्या दिवशीं अमेरिकेहून आलेलें ‘डेटन-राइट’ विमान यंत्रणेंतील बिघाडामुळें शर्यत अर्धवट सोडून खालीं उतरलें. मात्र उड्डाणानंतर आपलीं चाकें पोटांत ओढून घेण्याची सोय त्यांत होती. हवेचा विरोध टाळण्याची ती युक्ति पुढें सर्वत्र रूढ झाली.

आजही प्रवासी विमान धांवपट्टी सोडतांच पायांखालीं घरघर होऊन चाकें आंत जातात, आणि ज्यांत प्रवासी बसलेले असतात त्या धडाचें कवच भार पेलत असतें. जिंकलेल्या व हरलेल्या अशा दोन्ही विमानांची ही पुंजी आहे. तिची कांहीं किंमत लफेव्रसारख्यांनीं प्राणांनीं चुकविली आहे.