कोरल ड्रॉ ते ब्लेंडर : परभणीतल्या जुळवलेल्या संगणकांची तीस वर्षं

परभणीत चित्रांच्या कामाला संगणक लागला तो छापखान्याच्या वाटेनं. मराठवाड्यातल्या इतर शहरांप्रमाणे इथंही नव्वदच्या दशकात खिळे जुळवण्याचं काम मागं पडलं आणि डीटीपी सेंटरच्या पाट्या झळकू लागल्या. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं असं सगळं पेजमेकर आणि कोरल ड्रॉवर होऊ लागलं. मराठी अक्षरं श्रीलिपी किंवा आकृती या सॉफ्टवेअरांच्या फॉन्टची असत. लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढायचा, त्यावरून प्लेट करायची आणि ऑफसेटवर चढवायची. तेव्हाचे संगणक बेताच्याच ताकदीचे; विंडोज 95 ला किमान 4 एमबी रॅम लागे आणि 8 असावी अशी शिफारस होती. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी स्थिरचित्र आणि अक्षरलेखन गिरवलेल्या किती तरी पोरांनी माउसनं वेलबुट्टी काढायला सुरुवात केली ती अशाच यंत्रांवर.

ही यंत्रं बहुधा ‘असेंबल्ड’ असत. ब्रँडेड संगणक महाग पडे, शिवाय बिघडला की दुरुस्तीसाठी कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागे. जुळवलेल्या यंत्रात काय आहे ते जुळवणाऱ्याला ठाऊक असतं. रॅम गेली तर रॅम बदलायची, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय जळाला तर तेवढाच. परभणीची जागाही या व्यवहाराला सोयीची होती. 1956 पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जाण्यायेण्याच्या वाटा मुंबईइतक्याच हैदराबादकडेही वळलेल्या. देवगिरी एक्स्प्रेसनं एका दिशेला मुंबई गाठली की लॅमिंग्टन रोड आणि दुसऱ्या दिशेला सिकंदराबाद गाठलं की चिनॉय ट्रेड सेंटर. सुट्या भागांचे दोन्ही मोठे बाजार एका रात्रीच्या अंतरावर. माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात भारत 1997 मध्ये सामील झाला आणि 2005 पर्यंत संगणकाच्या बहुतेक भागांवरचं आयातशुल्क शून्यावर आलं. जुळवणीचा धंदा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला त्यामागं या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

मग आलं फ्लेक्स. हातानं बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचं काम पाहता पाहता हिरावलं गेलं. त्यातले काहीजण ब्रश ठेवून कोरल शिकले. त्याच सुमारास फोटो स्टुडिओही डिजिटल झाले आणि लग्नाचा अल्बम फोटोशॉपमध्ये रचला जाऊ लागला. या दोन कामांनी संगणकाचं गणितच बदलून टाकलं. ए-4 आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला उघडलं तर सुमारे 26 एमबी जागा घेतं. अल्बमचं 12 बाय 36 इंचांचं जोडपान तेवढ्याच दर्जाला उघडलं की एका थराला जवळपास 117 एमबी लागतात. नवरा-नवरीचा फोटो, मागची कमान, फुलं, नावं असे दहा थर चढले की 1 जीबी पार. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयला छपाईच्या चार रंगांत उघडला तर एकच थर 600 एमबीच्या घरात जातो. लग्नसराईत ‘मशीन हँग झालं’ ही तक्रार का वाढायची, ते या आकड्यांवरून कळतं. प्रोसेसर पुरेसा असे, रॅम पुरत नसे. 32 बिटांच्या विंडोजला 4 जीबीच्या पुढं पाहताच येत नसे, त्यामुळे जास्त रॅम घालूनही उपयोग नव्हता. 2008 च्या फोटोशॉप सीएस-4 पासून विंडोजवर 64 बिटांची आवृत्ती मिळाली आणि ही अडचण हळूहळू सुटली.

रॅम पैशानं मिळत होती. वीज पैशानंही मिळत नव्हती. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागानं दहा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, मानवत, कुठंही दुकान असो, कामाच्या वेळा महावितरणच्या वेळापत्रकावर ठरत. ‘लाइट गेली’ म्हणताच पहिला हात कंट्रोल-एसवर जायचा. पण नुकसान फक्त न साठवलेल्या फाइलीचं होत नव्हतं. वीज परत येते तेव्हा व्होल्टेज उसळतं, आणि स्वस्तातल्या कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस तिथंच दगा देतो. जाताना कधी कधी मदरबोर्ड आणि हार्डडिस्कलाही घेऊन जातो.

आजही जुळवणीच्या यादीत सगळ्यांत कमी पैसे ज्या भागावर टाकले जातात तो भाग म्हणजे हाच एसएमपीएस. परभणीत तरी हे उलटं असायला हवं. चांगल्या कंपनीचा, प्रमाणित क्षमतेचा पॉवर सप्लाय आधी लिहावा आणि उरलेली यादी त्याखाली. दुकानात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॉटपर्यंतच भार पेलतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं यंत्र रेंडरला (त्रिमितीय दृश्याचं अंतिम चित्र काढायला) लागलं की एकटंच 400 वॉटच्या पुढं जाऊ शकतं आणि यूपीएस नेमका गरजेच्या क्षणी ट्रिप होतो. घरगुती इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर आधुनिक पॉवर सप्लायचं त्याच्याशी जमेलच असं नाही. साइन वेव्हचाच घ्यावा. आणि अर्थिंग! जिल्ह्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. कोरड्या जमिनीचा विद्युतरोध वाढतो आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहणं हासुद्धा इथं संगणकाच्या देखभालीचाच भाग आहे.

उन्हाची गोष्टही तशीच. प्रोसेसरच्या चाचण्या बहुतेक वेळा वीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर असतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी फार वेगळी स्थिती नसते. खोली जितकी तापते, साधारण तितकंच तापमान चिपवर चढतं. म्हणजे 25 अंशांच्या खोलीत 75 वर राहणारा प्रोसेसर इथं 90 च्या पुढं सरकतो, 95 ते 100 च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतो आणि पैसे मोजून घेतलेली ताकद दुपारभर वापरताच येत नाही. त्यावर उपाय आहेत, तेही महागडे नाहीत. समोर जाळी असलेलं, हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट, प्रोसेसरवर मोठा एअर कूलर, दर महिन्याला धूळ साफ करणं. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा सेटिंगमधून 75-80 टक्क्यांवर आणली तर वेग थोडाच घटतो, उष्णता मात्र बरीच उतरते. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. आणि मोठं रेंडर रात्री लावावं.

रेंडर हा शब्द डीटीपीच्या काळात इथं फारसा लागत नव्हता. तो त्रिमितीय कामाबरोबर रुळला. थ्रीडी मॅक्स आणि माया ही सॉफ्टवेअरं नव्वदच्या दशकातली. परवान्याची किंमत जिल्ह्याच्या गावाला परवडणारी नव्हती. खरा फरक पडला तो ब्लेंडरमुळे. नेदरलँड्सच्या टोन रोझेंडाल यांनी लोकवर्गणीतून सात आठवड्यांत 1 लाख युरो उभे केले आणि 2002 मध्ये हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मुक्त केलं. 2011 च्या अखेरीस त्यात सायकल्स हे रेंडर इंजिन आलं, जे ग्राफिक्स कार्डावरही चालतं. 2019 च्या 2.80 आवृत्तीनं त्याचा चेहरा नवख्यालाही समजेल असा केला आणि ईव्ही हे झटपट रेंडर करणारं इंजिन दिलं. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये घडला. त्याला 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्याच्या अंतिम रेंडरिंगला रेंडर फार्म (अनेक संगणकांचा ताफा) लागला नाही, घरच्या संगणकावर ते झालं. मराठवाड्यातल्या मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे.

मधल्या काळात ग्राफिक्स कार्डांनीच पळ काढला होता. 2020 नंतर चिपटंचाई आणि आभासी चलनाच्या खाणकामानं ग्राफिक्स कार्डं ठरलेल्या किमतीच्या दीडपट-दुपटीला विकली जाऊ लागली. इथेरियमनं सप्टेंबर 2022 मध्ये खाणकामाची पद्धत बंद केल्यावर बाजार शांत झाला. 2025 च्या अखेरीस रॅमची पाळी आली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलल्या, भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉननं ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करण्याचं जाहीर केलं. मुलाच्या संगणकासाठी पै पै जमवणाऱ्या परभणीतल्या बापाला अमेरिकेतल्या डेटा सेंटरची किंमत अशी मोजावी लागते.

मग आज इथं कुणी कशासाठी हे यंत्र जुळवावं? काम जिल्ह्यातच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पेरणीयंत्राचा किंवा बैलचलित अवजाराचा प्रत्येक भाग पडद्यावर घडवून पाहता येतो. अशा कामाला महागडं कार्ड लागत नाही; वेगवान प्रोसेसर आणि 16 जीबी रॅम पुरते. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव आणि जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची यादवकालीन मंदिरं मात्र वेगळी मागणी करतात. शेकडो छायाचित्रांतून त्यांची त्रिमितीय प्रतिकृती उभी करायची तर मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, पण त्याच्या मुख्य टप्प्याला एनव्हिडियाचंच कार्ड लागतं आणि रॅम 32 जीबी असलेली बरी. चित्रं रंगवणाऱ्याला यातलं काहीच नको. त्याला रंग खरे दाखवणारा आयपीएस पडदा, एक साधा पेन टॅब्लेट आणि मोफत मिळणारं क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर पुरे. आधी काम ठरवून मग यादी करणाऱ्याचे पैसे वाया जात नाहीत, हे तीस वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

वालूर-चारठाण्याच्या दगडी कामाची झीज थांबलेली नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या कलाशिक्षकानं, एखाद्या महाविद्यालयानं छायाचित्रांतून प्रतिकृती उभी करणारं असं एक यंत्र सामायिक म्हणून जुळवावं, विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे द्यावेत आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत पहिली बारव नोंदवायला घ्यावी.